सगळं मोहित्यांच्या नावावर

सोम., ४ ऑगस्ट
मोहिते साहेबांचं (यापुढे मो.; शाई कशाला वाया घालवा) फर्मान: रक्तपेढ्यांच्या सॉफ्टवेअरचा सबव्हर्जन या जुन्या कोठारातला सगळा कोड जसाच्या तसा गिट या नव्या कोठारात उतरवायचा. मो. जुन्यातच काम करणार, नवी मुलं गिटमध्ये. "तूच कर शुभा, तुला सगळं माहितीये." हो. फार माहितीये.

मंगळ.
गिटला मुख्य शाखा लागते, तिला फुटलेल्या फांद्या लागतात. मो.च्या रचनेत खोडच नाही. प्रत्येक रक्तपेढीचा फोल्डर. आत 'फायनल', 'फायनल नवीन', 'साहेब ओके फायनल'. एकेक हाताने जोडतेय. मान आखडली.

गुरु.
झालं. आता प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. सगळीकडे मो.! जुन्या कोठाराचा पासवर्ड त्यांनी कुणाला दिलाच नाही कधी. संध्याकाळी आम्ही आपापला कोड पेनड्राइव्हवर त्यांच्या टेबलावर ठेवायचो, नैवेद्यासारखा. ते 'चढवायचे', स्वतःच्या नावाने.
रक्ताच्या पिशवीची मुदत संपण्याआधी इशारा देणारा भाग माझा. मल्हार पोटात असताना लिहिलेला. त्याबद्दल शाल-श्रीफळ मो.ला. टाळ्या मी वाजवल्या.

शुक्र.
नव्या मुलांना चाचणीला दिलं. रिपोर्ट अडकतो, ती ओळ कोणाची? मो. लेबल उलटं छापतं? मो. त्यांच्या केबिनबाहेर तक्रारींची रांग, लालबागला लाजवेल अशी. शेजारच्या टेबलावरून ग्लोरिया: "मेल्याला घाम फुटलाय बघ!" बघितलं. दोनदा उठून बघितलं.

सोम.
केबिन. पहिल्यांदाच 'बस' म्हणाले.
"हे सगळं मी थोडंच लिहिलंय?"
"मशीन तसं म्हणतंय, साहेब."
"ज्याचं त्याचं नाव टाक ना. तुला आठवतं."
"जसंच्या तसं म्हणाला होतात."
परळ ते फणसवाडी गुणगुणत आले. भाजी करपली, तरी छान लागली.

गुरु.
ग्लोरियाने माती केली. "आणि तुझं ते मुदतवालं? ते पण त्यालाच देतेस? परत?" टीम लीड कोण, हे सोमवारी वरचे लोक नावं बघूनच ठरवणार. खरी नावं टाकावीत तर मो. सुटतो, आणि अडकणारा रिपोर्ट ग्लोरियाचा.
"टाक ना माझं नाव! मी काय घाबरते काय? भायखळ्याची आहे मी."
बाई मोठ्या मनाची. माझं तेवढं नाही.

रवि., दुपार
उद्या सकाळी सगळे आपापली प्रत उतरवून घेणार. मग नावं बदलणं म्हणजे सगळ्यांचंच विस्कटणं. आजच काय ते.
तिसरंही जमतं. माझा भाग माझ्या नावावर, बाकी कचरा होता तिथेच, मो.कडे. कुणाला कळायचं नाही. ग्लोरियाही वाचते. म्हणजे चांगलंच काम की नाही?
नावांची यादी समोर उघडी. माझं नाव टाकलं. पुढची ओळ...
मो.चा मेसेज: 'शुभाताई, झालं का?'
ताई!
कळू दे साहेबांना, वाट बघणं म्हणजे काय ते. अजून उत्तर दिलेलं नाही. यादीही सेव्ह केलेली नाही.