दहातली एक

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सकाळी माझा चाचणी पाठ झाला, पास झालो. दुपारी जरा झोपलो. तब्येत ठीक आहे.

जिथे गणिताचा शिक्षक टिकत नाही, अशा शाळांसाठी आम्हाला इथे तयार करतात. म्हणून पाठाच्या वेळी आमचे सोबतीच वात्रट मुलं होऊन बसतात. दुखतं तिथेच बोट ठेवा, असं बाईंनी त्यांना बजावलेलं असतं. शिकवणारा थांबला की नापास.

माझा विषय संभाव्यता होता. आईचं मी फक्त खोलीतल्या मित्राला सांगितलं होतं. त्यानेच हात वर केला.

"सर, तुमची आई वाचायची शक्यता किती होती?"

डॉक्टर तुला म्हणाले होते तेच सांगितलं. दहात एक.

"मग दहा आया असत्या तर एक नक्की वाचली असती ना, सर?"

सगळे हसले. ही चूक मुलं नेहमी करतात, त्यामुळे सुधारणं भाग होतं. "नक्की नाही. दहाच्या दहाही जाऊ शकल्या असत्या," म्हणालो आणि फळ्यावर मांडून दाखवलं.

"शाब्बास!" बाई मागून म्हणाल्या. "आवाजसुद्धा हलला नाही."

बाबा नीट जेवतात का? त्यांना फक्त पास झाल्याचं सांग.

सगळे चहाला गेलेत. बाहीला खडू लागलाय, तेवढा शर्ट धुऊन टाकतो.

तुझा,
धाकटा