अण्णांची सहावी फळी

रत्नदीप,

मी सातच्या एसटीने ओतूरला सुताराकडे चालले आहे. चहा झाकून ठेवलाय. आई उठली की तिला दे आणि तिच्यासमोर दिव्याचा विषय काढू नकोस.

दिव्याच्या शेडला हात लावू नकोस. पाच फळ्या सांगाड्याच्या खाचांतून काढून पेपरात गुंडाळल्या आहेत. अण्णांनी जायच्या आठवडाभर आधी कापलेली सहावी, पिंपळपानाच्या नक्षीची, टेबलावर आहे. ती दोन सूत रुंद आहे, खाचेत बसत नाही, हे मला मान्य. काल तू म्हणालास, "ताई, दोनच सूत तर हाय, घे की घासून. कुणाला कळतंय?" कुणालाच कळणार नाही. मी कानस घेऊन दोनदा बसले आणि दोनदा उठले. फळीच्या कडेला त्यांची पेन्सिलची रेघ आहे. घासली तर आधी तीच जाईल. त्यांचा हात इतका थरथरत असूनही ती सरळ आहे, बघ एकदा.

सांगाडा मी पुण्यात बसून आखला आणि मापं अण्णांना फोनवरून सांगितली. ते म्हणत होते, "येऊन एकदा लावून बघ." मी पुढच्या रविवारी येते म्हणत राहिले.

आता सांगाडाच नवा करून घेते, एक बाजू दोन सूत मोठी. शेड जराशी वाकडी दिसेल. अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कुणी विचारलंच, तर माप ताईचं चुकलं म्हणून सांग.

अमृता