सारवलेल्या भिंती

चांदा, दिवाळीआधीचा बुधवार

मोहर्लीजवळच्या गावात हिवताप परतला आहे. डॉक्टरांनी आज रक्त तपासून खात्री केली. फवारणी तर घरोघर झाली होती. दवाखान्याच्या फळ्यावर डॉक्टरांनी बाण काढून सगळं आखलं होतं: भिंतीवर औषध, मग डास मरणार, मग ताप हटणार. चुकलं कुठे?

डॉक्टरांसोबत त्या गावातल्या लक्ष्मीबाईंकडे गेलो. सून नवव्या महिन्यात, घोंगडीखाली कुडकुडत होती. तिचं पहिलं मूल असल्याच तापात पोटातच गेलं. भिंती मात्र ताज्या सारवलेल्या.

"औषध पुसलं काऊन, बाई?" डॉक्टर म्हणाले.

"दिवाळीले डागाच्या भिंती तुमी ठेवता का, भाऊ? फवारणीवाले भांडे बाहेर काढा म्हणे. भिंतीचं बोलले नाई."

दिवाळीला इथे घरं सारवतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. तरी त्या बाणांमध्ये ते कुणीच धरलं नाही. का नाही धरलं?

सुनेला गोळ्या सुरू केल्या आहेत. सणानंतर पुन्हा फवारणी होईल, या वेळी आधी बायकांशी बोलून. लक्ष्मीबाईंच्या अंदाजाने बाळंतपण त्याआधीच, औषध नसलेल्या याच भिंतींत होईल.