दौंडच्या वर्गात शिकलेली सुई

आप्पा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेली माणसंही आता शिरूरात मोजकीच उरली आहेत. लिहायला बसले त्याला कारण परवाचा फोन. पुण्याहून एक बाई बोलत होत्या. ग्रंथपालांसाठी कॉम्प्युटरचं शिबिर आहे, पहिल्या दिवशी तुम्ही बोला, म्हणाल्या. विषय त्यांनीच ठरवून टाकला होता: वाचकाची माहिती जपणारा ग्रंथपाल. म्हणजे तुम्ही. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि लगेच मनात पाल चुकचुकली, की हिला तुमच्याबद्दल सांगितलं कुणी? मग आठवलं, मीच. तुमच्या शोकसभेत मी जे बोलले ते कुणीतरी वाचनालयाच्या स्मरणिकेत छापलं आणि तिथून ते फिरत राहिलं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. समोरच्यानं नमस्कार केला तरी हा आज का करतोय, असं माझ्या मनात आधी येतं. वाचनालयात तुमच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार?

दौंडच्या वर्गाची नोटीस आली तेव्हा आणीबाणी लागून वर्ष होत आलं होतं. ग्रंथालय सेवकांसाठी आधुनिक तंत्राचा वर्ग, असं वर ठळक लिहिलेलं. तुम्ही ती वाचलीत, मग उलटी करून मागची कोरी बाजूही बराच वेळ पाहिलीत. "फुकाट शिकवत्यात, वर जेवाय बी घालत्यात. काय तरी गोम हाय ह्यात," म्हणालात. मी हसले, पण जायचं माझं ठरलंच होतं. मी तेव्हा हंगामी होते. सकाळ-संध्याकाळ वाचनालय उघडायचं, पुस्तकं लावायची, आणि दर वर्षी कमिटी पुढं काय म्हणते याकडं डोळे लावायचे. नोटिशीत खाली लिहिलं होतं, की वर्गात शिकलेलं जो आपल्या वाचनालयात नीट करून दाखवेल त्याला पुण्याच्या मोठ्या कोर्सला पाठवू. तो कोर्स पदरात पडला असता तर मला कायम करण्यावाचून कमिटीला गत्यंतर नव्हतं. आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मी पोरांना पेपर वाचून दाखवायचे, तेव्हा आई कौतुकानं बघायची आणि मग हळूच विचारायची, "आगं, पर नोकरी पक्की कवा व्हनार?" त्याचं उत्तर मला दौंडला दिसत होतं.

एसटी इनामगावावरून जायची. तिथं नदीकाठच्या उत्खननात जुनी खापरं उकरणारी पुण्याची शिकलेली पोरं चढली-उतरली, की सगळी गाडी त्यांच्या पिशव्यांकडं संशयानं बघायची, काही सोनंनाणं तर नेत नाहीत ना. वर्ग स्टेशनाजवळच्या एका हॉलमध्ये होता. इंजिनानं शिट्टी दिली की शिकवणारे साहेब वाक्य अर्धं सोडून थांबत आणि ती संपली की तिथूनच पुढं सुरू होत. त्यांनी फिल्मवर बारीक करून ठेवलेला पेपर भिंतीवर मोठा करून दाखवला. कॉम्प्युटर नावाचं यंत्र पुढं आपली सगळी कामं करणार, असं सांगितलं. वरवंडचे एक म्हातारे ग्रंथपाल माझ्या शेजारी होते, त्यांनी विचारलं, "साहेब, आमच्याकडं लाइटच जाती, तवा काय करायचं?" साहेब हसले आणि म्हणाले, "तोवर ही सुई."

ती मी जन्मात विसरणार नाही. जाड कागदाची कार्डं, चारी कडांना भोकं पाडलेली. प्रत्येक भोकाला एक अर्थ. एक भोक शिक्षकाचं, एक शेतकऱ्याचं, एक कादंबरीचं, एक राजकारणाचं. ज्याला जे लागू त्याचं ते भोक कात्रीनं कडेपर्यंत उघडं कापायचं. मग सगळी कार्डं एकत्र धरायची, हव्या त्या भोकातून लांब सुई घालायची आणि उचलून हलवायची. ज्यांचं भोक कापलेलं ती कार्डं आपोआप खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. साहेबांनी नुसती मान हलवावी तशी सुई हलवली आणि शेतीची पुस्तकं वाचणारे सगळे वाचक टेबलावर पडले. त्यांची नावं साहेबांनाही पाठ नव्हती. मला वाटलं, हे आपल्याला जमलं तर आप्पांच्या डोक्यात जे आहे ते माझ्या हातात येईल.

कारण आपल्या वाचनालयात कोण काय वाचतं हे तुमच्या डोक्यातच होतं, कागदावर कुठंच नव्हतं. पुस्तक नेताना वाचकानं चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, आणि परत आलं की ती चिठ्ठी तुम्ही त्याच्या डोळ्यांदेखत फाडायचात. "पुस्तक आलं, चिठ्ठी फाटली, सुटला तू," हे ठरलेलं वाक्य. लोकांना ती गंमत वाटायची. मला वाटायचं, सगळं डोक्यात ठेवलं की माणसाला खुर्चीवरून हलवता येत नाही, हे यांना बरोबर कळलंय. कार्डांच्या आधीपासून वाटायचं, हे लक्षात घ्या.

कार्डांसाठी पुठ्ठा तुम्हीच दिलात, बाइंडिंगचा उरलेला. सुई नव्हती म्हणून मी सायकलची तार सरळ करून घेतली. वाचकांना मी एकेक करून विचारत गेले आणि ते आनंदानं सांगत गेले. व्यवसाय, शिक्षण, कुठली वस्ती, आवड कसली. केंदूरहून बाजाराच्या दिवशी येणारे मास्तर तर म्हणाले, "माझं राजकारणाचं भोक जरा मोठं काप, पोरी." मी भराभर कापत होते आणि तुम्ही पेपर वाचल्यासारखं करत चष्म्यावरून माझ्याकडं बघत होतात.

मग एका सकाळी ते दोघं आले. साधे शर्ट, पण बूट पोलिसांसारखे पॉलिश केलेले. पेपर हातात धरून बसले, पण पान काही उलटेनात. जाता जाता एकानं तुम्हाला सहज विचारलं, "इथं वाचायला कोण कोण येतं हो?" तुम्ही म्हणालात, "ज्याला आक्षर येतं त्यो येतो." ते गेल्यावर तुम्ही दाराकडं बघत राहिलात. मग मला म्हणालात, "तुझी ती करामत दाव बरं. राजकारणाचं भोक घे." मी तार घातली, हलवली. "आता जी पडल्यात त्यात कालिजापतुर शिकल्याली घे." पुन्हा हलवली. टेबलावर थोडीच कार्डं पडली. केंदूरचे मास्तर, मशिदीमागच्या आळीतले टेलर, आणि माझा भाऊ. तुम्ही कुणाचंच नाव घेतलं नाहीत. "किती टैम लागला?" एवढंच विचारलंत. मी म्हणाले, "पण आप्पा, हे आपल्याशिवाय कुणाला जमणार आहे? कुठलं भोक कशाचं ते मला माहीत. तार माझ्याजवळ." तुम्ही म्हणालात, "सायकलची तार कुनाकडं न्हाई, बाई?"

मला ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. वाईट माणसाला यादी करायला कार्डं लागत नाहीत, एक चुगलखोर पुरतो, आणि शिरूरात ते कमी नव्हते.

पुण्याच्या कोर्सचे साहेब माझं काम बघायला आले तो दिवस. कमिटीचे सगळे इस्त्रीचे कपडे घालून बसलेले. मी कार्डं नीट जुळवून धरली, म्हणाले, आता शिक्षक वाचक बघू, तार घातली आणि उचलली. सगळी कार्डं खाली. एकही तारेला राहिलं नाही. मला वाटलं माझा हात चुकला. पुन्हा गोळा केली, दुसऱ्या भोकातून तार घातली. पुन्हा सगळी खाली. तेव्हा मी एक कार्ड उचलून बघितलं. चारी कडांची सगळी भोकं कापलेली होती. प्रत्येक कार्डाची. शेतकरी होता तो शिक्षकही झाला होता, टेलरही झाला होता, कादंबरीही वाचत होता आणि शेतीही. दुपारी वाचनालय बंद असतं तेवढ्या वेळात, बाइंडिंगच्या कात्रीनं, सरळ रेषेत कापलेलं. तसं सरळ कापणारा हात गावात एकच होता. कमिटीतलं कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "बाई, पद्धत समजून घ्यायला पाहिजे होती." तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन उभे होतात आणि माझ्याकडं बघत नव्हतात.

त्या दिवशी मी तुम्हाला काही विचारलं नाही. घरी आईला सांगितलं, कोर्स दुसऱ्या कुणाला मिळाला. रडले खूप. भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आप्पांनी बरूबर केलं." मला त्याचाही राग आला. यांना दोघांना काय ते कळतं आणि मार मात्र मला बसतो.

तरी तुम्ही वाचकांना वाचवलंत, हेच खरं धरून मी तुम्हाला माफ केलं असतं. पण आणीबाणी उठली, पुढच्या वर्षी पुण्याचा तोच कोर्स पुन्हा आला, आणि कमिटीनं तुमचं नाव दिलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. नवा सदरा शिवलात, गेलात, सर्टिफिकेट घेऊन आलात आणि ते काउंटरमागं भिंतीवर लावलंत. माझ्याबद्दल कमिटीला अवाक्षर बोलला नाहीत. त्या सर्टिफिकेटाखाली बसून मी आणखी कितीतरी वर्षं हंगामीच राहिले. धूळ पुसताना ते मी मुद्दाम पुसत नसे. लोकांना वाचवायचं होतं, की खुर्ची? मला रोज सकाळी कुलूप काढताना हाच प्रश्न पडायचा आणि रोज उत्तर वेगळं यायचं.

विचारलं ते शेवटी दौंडला. तुम्ही लेकीकडं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पडून होतात. तुमची लेक चहा ठेवायला आत गेली. तुमचा आवाज खोल गेला होता. मी म्हणाले, "आप्पा, आता तरी सांगा. ती भोकं त्या दोघा माणसांच्या भीतीनं कापलीत, का माझ्या?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत, मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "दोनी बी व्हतं, पोरी. त्यांचं तर भ्याव व्हतंच. पर तू तार हलवलीस ना, तवा मला कळलं, आता हिला माझी गरज न्हाई." चहा आला. तुम्ही बशीत ओतून प्यायलात, थोडा सांडला, मी पदरानं पुसला. माफी तुम्ही मागितली नाहीत आणि मीही ती दिली नाही.

शोकसभेत मी अर्धंच सांगितलं. तुम्ही कात्रीनं वाचकांना कसं वाचवलंत ते. लोकांनी डोळे पुसले. पुण्याच्या बाईंनाही मी तेवढंच सांगणार आहे. आता फोनसुद्धा आपण काय वाचतो ते लिहून ठेवतात, तेव्हा त्या पोरांनी हे ऐकलेलं बरं. दुसरं अर्धं तुमची अब्रू राखायला लपवलं, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. हे पत्रही कुठं पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. ते दुसरं अर्धं मी माझ्यासाठी ठेवलंय. पुढं मी ग्रंथपाल झाले, सत्कार झाले, शाली मिळाल्या, हुशार आहात असं पुष्कळांनी म्हटलं. कुणावरही माझा विश्वास बसला नाही. कौतुक करणाऱ्याला माझ्याकडून काय हवंय, हेच मी आधी शोधत राहिले. तुम्ही मात्र कधी माझं कौतुक केलं नाहीत, आप्पा. तुम्ही मला भ्यालात. सगळ्या आयुष्यात तेवढ्या एकाच गोष्टीवर मला कधी शंका आली नाही.