हळदीला बिनचष्म्याची नवरी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तो आधी स्वीकार, पुढचं वाचून बेत बदलशील. गुडघा कसा आहे? भावजी अजून वर्तमानपत्र नाकाला लावूनच वाचतात का? (त्यांना म्हणावं, चष्म्याचं दुकान मेव्हण्याचंच आहे, लाजू नये.)

काल शेजारच्या शिंप्याच्या मुलीच्या हळदीला गेलो होतो. खरं तर पुरुषांनी अशा ठिकाणी जेवायच्या वेळी उगवावं, पण मी सकाळीच हजर. निव्वळ कुतूहल, दुसरं काही नाही. हळद किती दाट कालवतात, आधी पायाला लावतात की कपाळाला, डोळ्यांत गेली तर काय करतात, मी विचारतच सुटलो. शेवटी नवरीच्या आत्याने हळदीची वाटी माझ्या हातात कोंबली. "भाऊ, लावा आणि बाजूला व्हा!"

पुढे झालो, तर नवरी म्हणाली, "या मामी." पोरीचा नंबर उणे सात (चष्मा मीच केलाय), आणि फोटोत बरा दिसत नाही म्हणून आत्याने तो कपाटात ठेवलेला. आवाज ओळखल्यावर ती हळूच म्हणाली, "काका, मला नुसते पिवळे ढग दिसताहेत. कोण काय करतंय, सांगा ना." मग काय, पाटाशेजारी मांडी ठोकली आणि सांगू लागलो: मामीची अंगठी हळदीत पडलीय, करवली आरशासमोरून हलत नाहीये...

"आणि बाबा?"

शिंपी खिडकीपाशी पाठमोरा उभा राहून पडद्याची शिवण तपासत होता. खांदे मात्र हलत होते.

"पडदा बघताहेत," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"मी आल्यापासून."

ती ताडकन उठली. "आत्या, माझा चष्मा!" आत्या फोटो, फोटो करत राहिली. पोरीने पिवळ्या हातांनीच चष्मा चढवला आणि थेट खिडकी गाठली. शिंपी वळला. मग त्याने सदऱ्याच्या टोकाने तिच्या काचा पुसल्या. (सदऱ्याने पुसू नयेत, चरे पडतात. पण मी गप्प बसलो.) पुढचे सगळे फोटो चष्म्यासकट निघाले.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. वर कुतूहलाचं लिहिलं ते तितकंसं खरं नाही. नवरीच्या बापाला नेमकं काय काय करावं लागतं, ते बघायला गेलो होतो. आमच्या लेकीने मुलगा पसंत केलाय. मला सांगून तीन आठवडे झाले, आणि मी अजून "बघू" म्हणतोय. तू ये, आणि माझा होकार तिला सांग. माझ्या तोंडून निघत नाही.

आणखी एक. मुलाला दुकानात बोलावून अर्धा तास त्याचे डोळे तपासले. काही म्हणता काही सापडलं नाही.