उगवतीला नदी

प्रिय ठमे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. उचललास तरी "आई, भाषण नको" म्हणून मधेच तोडतेस. कागदाला तसं तोडता येत नाही, फार तर फाडता येतो. तेव्हा जरा निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. तुझी आई जन्मभर सभांमधून गरजली, पण आज आवाज खाली ठेवायचं ठरवलंय. जमेल तेवढं.

आधी इथली खबर. शाळेमागच्या टेकडीवर तुमच्या कंपनीचा तलाव बांधून झाला. पलीकडच्या नव्या वसाहतीसाठी त्यात पाणी भरायला सुरुवातही झाली आहे. रोज थोडं थोडं वर चढतं. आमचं शाळेचं वाचनालय त्याच टेकडीला पाठ टेकून आहे, तुला माहीतच आहे. त्याचं दार हल्ली लागत नाही. सुताराला बोलावलं, त्याने रंधा मारला, दार लागलं, आणि पुन्हा अडकलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने रंधा पिशवीतून काढलाच नाही. म्हणाला, "बाई, दार फुगलेलं नाही. चौकट सरकलीय." हे सांगताना तो जमिनीकडे बघत होता. फरशीखालून अधूनमधून आवाजही येतो, रिकाम्या माठावर टिचकी मारावी तसा. मुलं म्हणतात, खाली कुणीतरी कडी वाजवतंय, आणि खिदळतात. मला हसू येत नाही.

सातवीच्या मुलांना यंदा "आपला परिसर" हा प्रकल्प आहे. मी त्यांना माझा नेहमीचा नियम सांगितला: कुठलीही गोष्ट खरी मानण्याआधी तिला दोन साक्षीदार हवेत, आणि ते एकमेकांचे सोयरे नसावेत. एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलं असेल तर तो साक्षीदार नव्हे, पोपट. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, कधी लिहिलं, आणि त्याचं लिहिलेलं खरं मानल्याने कुणाचं भलं होतं, एवढं विचारल्याशिवाय माझ्या वाचनालयातून कुणी वहीत एक ओळ उतरवत नाही. मुलं यावरून माझी टिंगल करतात. परवा एकजण डब्यात मीठ कमी आहे म्हणाली, तर शेजारची म्हणते, "दुसरा साक्षीदार आण, मग मानते."

टेकडीबद्दलचा मजकूर मुलांनी कपाटांतून आणि संगणकावरून शोधला. संगणकावर पाच ठिकाणी सापडला, आणि पाचही ठिकाणी एकच गोष्ट: टेकडी आतून एकसंध खडकाची आहे, कितीही भार पेलेल. कपाटात मात्र एक जुनं पुस्तक निघालं, इथल्याच एका मास्तरांनी मुलांसाठी लिहिलेलं. मास्तर स्वतः टेकडीत उतरले होते. चुनखडीच्या खाणी, पोटातून गेलेली भुयारं, पुढे खाणी बंद झाल्यावर तोंडं बुजवली ती कुठे कुठे, सगळं नकाशासकट. त्यांच्या नकाशावर एक भुयार थेट आमच्या भिंतीपर्यंत येतं.

मी लगेच आरडाओरडा केला नाही, हे ऐकून तुला नवल वाटेल. मुख्याध्यापकांकडे गेले. मुलं त्यांना इस्त्रीसर म्हणतात, कारण त्यांच्या सदऱ्याला आणि मताला कधी चुणी पडत नाही. त्यांनी पुस्तक दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "पाच विरुद्ध एक आहे, बाई. तुमच्याच नियमाने तुम्ही हरलात." आणि मग शांतपणे एक आदेश पुढे सरकवला. जुन्या, जीर्ण, कालबाह्य पुस्तकांचं निर्लेखन करावं. ठमे, काय शब्द शोधलाय बघ! निर्लेखन. लिहिलेलं न लिहिलेलं करणं. आगीला निदान धूर असतो, तो लांबून दिसतो. या शब्दाने पुस्तक जळतं तेव्हा खोलीत बसलेल्या माणसालाही वास येत नाही. पहिल्याच खेपेत मास्तरांचं पुस्तक होतं. मी म्हटलं, निर्लेखन करायचंच तर आधी माझं करा. ते हसून म्हणाले, "तुमचं जूनमध्ये आपोआप होतंय." निवृत्तीवर विनोद करायची हीच वेळ सापडली त्यांना. पुस्तक मी त्यांच्याकडे ठेवलं नाही, सोबत घेऊन आले.

पण त्यांचा टोमणा मला लागला, कारण तो माझ्याच भात्यातला बाण होता. पाच विरुद्ध एक. मी मुलांना पाचही मजकूर छापून शेजारी शेजारी लावायला सांगितले. वाचता वाचता चष्मेवाली एक मुलगी, वर्गात तिला सगळे वकीलबाई म्हणतात, उठून खिडकीशी गेली आणि म्हणाली, "बाई, आपल्याकडे सूर्य उलटा फिरतो का?" पाचही ठिकाणी लिहिलं होतं, टेकडीच्या उगवतीला नदी वाहते. आणि खिडकीबाहेर नदी होती, आणि दुपारनंतरचा सूर्य तिच्याच बाजूला कलला होता. आपली नदी मावळतीला आहे हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पाच वेगवेगळी माणसं पाच वेगवेगळ्या ठिकाणी बसून नेमकी एकच चूक करत नाहीत. सत्य सगळ्यांचं सारखं असू शकतं, चूक मात्र ज्याची त्याची असते. पाचही जण एकाच तोंडचे निघाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. वकीलबाईने वाकून नमस्कार केला. मीही टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि ते तसेच राहिले.

कारण उगवतीला नदी असलेलं एकच घर मला माहीत आहे. आपलं. आपल्या दोन खोल्यांत ऊन यायचं ते नदीकडच्या खिडकीतून, दुपारनंतर. तू सकाळी अंधाऱ्या कोपऱ्यात घोरत पडायचीस, आणि सूर्य जिथून घरात येतो ती उगवती, असं तुझ्या डोक्यात पक्कं बसलं. तुझे बाबा पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे सूर्य नदीतून उगवतो आणि ठमी दुपारी. मोठी झालीस, शिकलीस, तरी तू दिलेल्या पत्त्यावर निघालेला माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा. लग्नातसुद्धा निम्मं वऱ्हाड चुकलं होतं.

तरीही मी स्वतःला म्हटलं, एका साक्षीवर कुणाला धरू नये, पोटच्या पोरीला तर नाहीच. म्हणून पुन्हा वाचलं. दुसरा साक्षीदार शेवटच्या ओळीत उभा होता: "ही टेकडी गावाच्या पाठीशी बापासारखी उभी आहे, टेकून बसा." टेकून बस, हे तुझे बाबा म्हणायचे, तापात तुला पाठीशी घेऊन बसत तेव्हा. जगात तिसऱ्या कुणाला हे ठाऊक नाही. ज्यावरून पाचही जणांनी उतरवलं ते कंपनीचं माहितीपत्रक तू लिहिलंस, ठमे. तू सुंदर लिहितेस, म्हणून तर लोकांनी ते उचललं.

शनिवारी शाळेच्या पटांगणात तलावाबद्दल पालकांची सभा आहे. कंपनीचे साहेब ती पाच पानं घेऊन येणार, आणि पालक मान डोलावणार, कारण छापलेल्याला मान डोलावायची आपल्याला सवय आहे. मी उभी राहीन. पाचही पानं एका हातची आहेत हे मी दाखवीन. कुणी विचारलं, कुणाच्या हातची, तर मी सांगेन. लपवणार नाही. चाळीस मुलांना नियम शिकवून स्वतःच्या दारात तो मोडला, तर मी त्या पोपटांहून वाईट. पण मास्तर एकच साक्षीदार आहेत, आणि ते हयात नाहीत. त्यांना जोड हवी. तुला लिहायला बसवलं तेव्हा टेबलावर काय ठेवलं होतं? टेकडी कुणी तपासली होती का? की नुसतं सांगितलं, "घट्ट आहे असं लिहा," आणि तू लिहिलंस? तसं असेल तर तेवढंच येऊन सांग: मी पाहिलं नाही, मला सांगितलं गेलं. तुझी नोकरी जाईल, मला कळतं. इथे राहायला दोन खोल्या आहेत.

हे सगळं लिहूनही जे विचारायला बसले ते अजून कागदावर आलेलं नाही. दिवाळं निघालं बघ माझ्या वक्तृत्वाचं. तुझा लेक माझ्याकडे राहून याच शाळेत शिकत होता. त्याला तू वर्ष मधेच तोडून, परीक्षा तोंडावर असताना, शहरात घेऊन गेलीस. त्याला इथलं पाणी मानवत नाही म्हणालीस. मी त्याच्या खोकल्याचा काढा करत बसले, दुसरी साक्ष मागितली नाही. आज तारखा जुळवल्या. तू त्याला नेलंस त्यानंतरच्या सोमवारी तलावात पहिलं पाणी सोडलं. त्याला नेलंस ते बरं केलंस, मीही आधी माझंच लेकरू उचललं असतं. पण वाचनालयातल्या त्याच्या बाकावर आता वकीलबाई बसते, टेकडीकडच्या भिंतीला पाठ टेकून. उद्यापासून मी वाचनाचा तास पटांगणात घेणार आहे, इस्त्रीसर हाकलतील तोवर. शनिवारच्या आत मला एवढंच कळव: गाडीत तू त्याला बसवलंस तेव्हा तुला काय माहीत होतं?

तुझीच, काहीही उत्तर आलं तरी तुझीच,
आई