तासाभराची चढण

एल आल्तो, ३ जून १९९६

चि. सौ. देल्मा हिला आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा बरे नाहीत. ओठ जांभळे पडलेत, जिना चढताना भिंत धरतात. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उंचीवर राहून राहून रक्त फार घट्ट झालंय, महिन्याभरात खाली सांताक्रूझला हलवा, नाहीतर काही खरं नाही. बाबा त्यांनाच हसले. सहा वर्षांत पोरगी एकदाही वर आली नाही, आधी तिनं चढावं, मग मी उतरतो, एवढंच धरून बसलेत. विमानाला जेमतेम तास लागतो, पोरगी काय चंद्रावर राहते का, असं शेजारणीलाही ऐकवतात.

मी मुकाट ऐकते. तू का येत नाहीस ते मला ठाऊक, पण कोपाकाबानाच्या माउलीची शपथ घालून माझं तोंड शिवलंस. मला मोकळं कर गं. जावयांना आशीर्वाद, नातवाला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई, बासिलिया

सांताक्रूझ, ९ जून

ती. आईस सा. न.

शपथ सोडवणार नाही. लग्नात बाबा म्हणाले होते, खालचा नवरा केलास, तिथल्या उकाड्यात वाळून जाशील. बाळंतपणानंतर माझं हृदय बिघडलं, डॉक्टरांनी उंचीवर पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं, हे कळलं तर ते जन्मभर तुझ्या जावयाला, रुडीला टोचतील. शिवाय त्यांचंच खरं ठरेल. हट्टी आहे मी, मुलगी कोणाची!

म्हणून मीच येते. बावीस तारखेचं, शनिवारचं तिकीट काढलंय. त्यांच्यासमोर बसून कोकाच्या पानांचा चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या विमानानं त्यांना घेऊन उतरायचं. तिकीट बघितल्यापासून रुडी माझ्याशी बोलत नाही. मला भीती वाटते आई, खोटं कशाला सांगू? पण बाबा तिथं श्वासासाठी तडफडणार आणि मी इथं संत्री सोलत बसायची, हे जमत नाही. ऑक्सिजनची तेवढी सोय बघून ठेव. लोभ आहेच, थोडा वाढव.

तुझी देल्मा

एल आल्तो, १५ जून

चि. देल्मास आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, पण तुझी आई रडतेय, तेव्हा लिहिणं आलं. तिनं शपथ मोडली. पाप लागेल म्हटलं, तर लागू दे, पोरगी जाण्यापेक्षा बरं, म्हणाली.

तिकीट परत कर. वर पाय ठेवलास तर याद राख. सहा वर्षं मी तुला ये म्हणत होतो, म्हणजे मर म्हणत होतो, आणि मला कोणी सांगितलं नाही. फार वाईट वाटलं. मूर्ख आहेस तू, माझ्यावरच गेलीस.

बावीसला मीच उतरतो. डॉक्टर म्हणतात, एकदा उतरलात की परत चढायचं नाही. हे घर मी माझ्या हातानं बांधलं, वरच्या मजल्याचा गिलावा राहिलाय. तुझ्या आईला मंडईतला गाळा इतक्यात सोडवत नाही. महिन्यातून एकदा येईन म्हणते. सारा जन्म एका पांघरुणात निजलो, आता आमच्या दोघांच्या मध्ये तो विमानाचा तास. इलाज नाही.

जावयाला सांग, उकाड्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. काढलाच तर त्यानं ऐकून घ्यावं.

लोभ ठेव आणि विमानतळावर लवकर ये. मी कधी विमानात बसलेलो नाही. बाहेर पडल्यावर कुठं वळायचं ते मला कळणार नाही, समोर तू दिसलीस तर बरं.

तुझा बाप, फोर्तुनातो